टाच सोडून टॅलस धरणारा डॉक्टर

तान्ह्या बाळाच्या पावलाचा एक्स-रे काढला तर त्यात फार थोडं दिसतं. मोठ्या माणसाच्या एका पावलात २६ हाडं. जन्मवेळी त्यातली घोट्याखालची बरीचशी नुसती कूर्चा असतात. नेव्हिक्युलर हे हाड तर तिसऱ्या वर्षाच्या आसपास दिसू लागतं. म्हणून जन्मतः आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, हातात घेतलं की मी डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवते. घोट्याच्या पुढे, बाहेरच्या अंगाला एक टणक उंचवटा लागतो. ते टॅलस या हाडाचं डोकं. आमच्या पिढीला तिथे अंगठा ठेवायला शिकवलं ते इग्नासिओ पोन्सेती यांनी.

पोन्सेती १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. वडील घड्याळजी; मुलगा त्यांच्या हाताखाली बारीक कामं करायचा. बार्सिलोनातून डॉक्टर होतात न होतात तोच यादवी युद्ध पेटलं. हरणाऱ्या बाजूच्या जखमींना घेऊन ते १९३९ मध्ये पिरेनीज ओलांडून फ्रान्सला गेले, तिथून मेक्सिको, आणि १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवाला. तिथे वरिष्ठांनी, आर्थर स्टाइंडलर यांनी, त्यांना जुनं काम तपासायला लावलं: क्लबफूटची शस्त्रक्रिया झालेली मुलं आता कशी चालतात? पावलं ताठर झालेली, दुखणारी. दिसायला सरळ केलेल्या पायात चालण्याची लवचीकता उरली नव्हती.

प्लास्टर तेव्हाही घालत. अटलांटाचे हिराम काइट तर त्याचे मोठे पुरस्कर्ते. पण त्यांच्या पद्धतीत अंगठ्याचा दाब टाचेच्या हाडाच्या पुढच्या सांध्यावर पडे, आणि टाच तिथेच अडून बसे. महिनोन्‌महिने प्लास्टर बदलावं लागे. पोन्सेतींनी मृत जन्मलेल्या बाळांची पावलं उघडून पाहिली. टाच, नेव्हिक्युलर आणि क्युबॉइड ही हाडं सुटीसुटी फिरत नाहीत. टॅलसखाली ती एकत्र सरकतात. मग धरायचं टॅलसचं डोकं, आणि पुढचं पाऊल हळूहळू बाहेर न्यायचं. टाचेला हात लावायचा नाही, ती आपणहून वळते. इतकी साधी गोष्ट, पण ती दिसायला सांध्यांची हालचाल मनात पक्की बसलेली लागते. अस्थिबंधही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बाळाचे अस्थिबंध नागमोडी वीण असलेले. हलक्या हाताने ताणले की सैलावतात आणि काही दिवसांनी वीण पुन्हा येते. म्हणून आठवड्याला एक प्लास्टर, बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात. अशी साधारण पाच-सहा. शेवटी बहुतेकांना टाचेमागची कंडरा एका बारीक छेदातून कापायची आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर.

१९६३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढची तीन दशकं मोठमोठ्या शस्त्रक्रियांची होती, आणि मला याचा आजही राग येतो, कारण त्या काळात कापलेली कितीतरी पावलं नुसत्या हातांनी सुधारली असती. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी पुस्तक आलं, आणि मग अशा बाळांच्या आईवडिलांनीच इंटरनेटवरून ही पद्धत एकमेकांना सांगितली. पोन्सेती तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. २००९ मध्ये ते गेले.

आमच्याकडे हजारात एखाद-दुसरं बाळ असं जन्मतं. आई खाली मान घालून येते, कारण घरात कोणीतरी म्हटलेलं असतं की ग्रहणात तू विळी हातात घेतलीस. मी आधी तिला सांगते, बाई, तुझ्या हातून काही झालेलं नाही. प्लास्टरचा भाग सोपा. खरी परीक्षा नंतरची: आडव्या पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग चौथ्या वर्षापर्यंत रोज रात्री. पाऊल सरळ दिसतं, बाळ रात्री किरकिरतं, कुणाला तरी दया येते आणि बूट कपाटात जातात. पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. त्यामुळे बुटांबद्दल बोलायचं असतं त्या दिवशी मी आईबरोबर आजीलाही आत बोलावते आणि बुटांचे पट्टे तिच्याच हातांनी बांधून घेते.