केसरबाईंची भैरवी

भगिनींनो, माळ्यावरच्या जुन्या तबकड्या मोडीत देण्याआधी एवढी हकीकत वाचावी, अशी माझी विनंती आहे.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. गाणे बैठकीचे, ऐसपैस; आणि जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस जागा जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची! तेवढ्यात त्यांनी भैरवी बसविली, याचे मला फार नवल वाटते.

१९७७ साली अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांतून जगाचे संगीत धाडावयाचे ठरले, तेव्हा ही भैरवी निवडली गेली. पण ध्वनिमुद्रिका मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. दुकानदाराने अडगळ म्हणून त्या फेकल्या असत्या तर?

यानांवरची तबकडी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली. मिनिटास अवघे १६⅔ फेरे, लाँगप्लेच्या निम्मे. म्हणून तीत संगीत अधिक मावले. सोबत सुईही दिली आहे. सुईवाचून तबकडी मुकी, हे आपणा घरोघरी ठाऊकच आहे!

दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या.