विठ्ठलवाडीच्या आसपास बैलगाडा शर्यत बघायला जाताय? मैदानात काय बघायचं, आणि कायदा काय सांगतो?

भाताची कापणी झाली की अंबरनाथ, बदलापूर आणि कल्याण ग्रामीणमधली खाचरं मोकळी होतात. मग थंडीतल्या रविवारी सकाळी विठ्ठलवाडीहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं, की पिकअप टेम्पोत उभे असलेले, अंगावर झूल टाकलेले पांढरे बैल दिसू लागतात. मागे बाइकवर पोरं असतात. बैलाचं नाव छापलेले टी-शर्ट, गळ्यात रुमाल आणि टेम्पोवर मोठ्या आवाजात गाणं. ही वरात शर्यतीच्या मैदानाकडे चाललेली असते.

थंड देशांत हिवाळ्यातला शनिवार-रविवार कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीसाठी राखून ठेवलेला असतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण जनावराला जुंपून पळवायचं आणि ते बघायला गावं लोटायची, ही हौस तीच आहे. प्रश्नही बरेचसे तेच आहेत: जनावर खुशीने पळतं की भीतीने? आणि हे बघायला जाणाऱ्याने कशाकडे लक्ष द्यावं?

एकच शर्यत नाही

बैलगाडा शर्यत म्हटलं की सगळीकडे एकच प्रकार असेल, असं शहरातल्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात दर शंभर-दीडशे किलोमीटरवर खेळ बदलतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पुणे जिल्ह्याच्या पट्ट्यात चढाचा 'घाट' असतो. तिथे एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला चार बैल असतात आणि पुढे घोडी धावते. या धावेला 'बारी' म्हणतात. लढत घड्याळाशी असते. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते, म्हणजे खिशातून मोबाइल काढेपर्यंत सगळं झालेलं असतं. सातारा-सांगलीकडे सपाट रानावर एकाच वेळी अनेक गाड्या सुटतात, प्रत्येकीची 'चाकोरी' ठरलेली असते आणि गट, सेमी फायनल, फायनल अशी चाळणी लागते. विदर्भात याच खेळाचं नाव 'शंकरपट'. अलिबागकडे तर गाड्या समुद्राच्या ओल्या वाळूवरून पळतात.

ठाणे-रायगडच्या पट्ट्यात, म्हणजे विठ्ठलवाडीकरांना जवळ असलेल्या मैदानांवर, जीव असतो तो 'बिनजोड' लढतीत. दोन हलके छकडे, प्रत्येकी दोन बैल, आणि सरळ आमनेसामने. ज्याला जोड नाही तो बिनजोड. कुणाच्या बैलासमोर कोण उभं राहणार यावर आठवडाभर आधीपासून चर्चा चालते. मैदानातही प्रत्यक्ष धावेपेक्षा जोड जमवण्यातच जास्त वेळ जातो. पहिल्यांदा आलेला प्रेक्षक कंटाळतो तो इथेच.

कानावर पडणारे काही शब्द माहीत असले की हा वेळ बरा जातो. 'पैरा' म्हणजे दोन वेगळ्या मालकांचे बैल एका गाडीला जुंपणं. त्यामुळे एकाच विजयाचा गुलाल दोन गावांत उधळला जातो. 'आदत' म्हणजे दुधाचे दात न पडलेला कोवळा खोंड, 'दुसा' म्हणजे दोन दात आलेला. बैलाचं वय कागदावरून कमी, दातांवरूनच जास्त ठरतं. गाडीवर उभा राहणारा गाडीवान असतो, पण मैदानात सगळे त्याला 'ड्रायव्हर'च म्हणतात. बैल बहुतेक वेळा खिल्लार जातीचा असतो: पांढरा, लांब शिंगांचा, काटक आणि चटकन बुजणारा.

बंदी का आली, आणि उठली कशी?

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. त्या निकालातला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी बनलेली नाही, तो पळतो तो वेदनेने आणि भीतीने, असं न्यायालयाने म्हटलं होतं. हे हवेतलं बोलणं नव्हतं. खिळा लावलेली पराणी, शेपटी पिरगळणं, चावणं, विजेचा झटका देणारी बॅटरी हे प्रकार त्या काळात सर्रास चालत, हे शर्यतीचे जुने शौकीनही खासगीत नाकारत नाहीत.

२०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

मात्र 'शर्यत आता कायदेशीर झाली' एवढं वाक्य अपुरं आहे. नियम पाळून होणारी शर्यत कायदेशीर आहे. अटींमुळे खेळाचं स्वरूपच बदललं आहे, हे लक्षात घेऊन घटनापीठाने दुरुस्त्यांना मान्यता दिली आणि त्या अटी काटेकोर पाळल्या जातात की नाही हे बघण्याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे मैदानात चाबूक उगारणारा माणूस, ज्या आधारावर बंदी उठली तोच आधार खिळखिळा करत असतो. बैलावर प्रेम असल्याचं सर्वांत मोठ्याने सांगणाऱ्यांनाही हे कधी कधी कळत नाही.

मैदान कायदेशीर आहे, हे ओळखायचं कसं?

शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी आणि अनामत रक्कम लागते. धाव १००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी झालेली असावी लागते आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण करावं लागतं. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांपैकी काहीही वापरता येत नाही. अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यातलं बरंचसं प्रेक्षकाला उभ्या उभ्या दिसतं. रुग्णवाहिका आहे का? धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पक्के अडथळे आहेत का, की नुसती दोरी बांधली आहे? बैल सावलीत बांधलेत, पाणी पितात, की टेम्पोतून उतरवून थेट जुंपले जातात? ड्रायव्हरच्या हातात कासरा सोडून आणखी काही आहे का? सर्वांत चांगली खूण म्हणजे धाव संपल्यानंतरची दोन मिनिटं. जिंकलेल्या बैलावर सगळे गुलाल उधळतात, तेव्हा हरलेल्या बैलाकडे बघावं. त्याला शांतपणे फिरवत नेलं जातंय की त्याच्यावर राग निघतोय, यावरून मालक कळतो.

अलास्कातल्या इडिटरॉड या प्रसिद्ध स्लेज शर्यतीत कुत्री सुमारे १६०० किलोमीटर धावतात. ती १९७३ पासून होते आहे. तिथे वाटेतल्या नाक्यांवर पशुवैद्यक असतात आणि एक सलग २४ तासांची विश्रांती सक्तीची आहे. तरीही प्राणीमित्रांची टीका थांबलेली नाही. आपल्याकडची धाव सेकंदांत संपते, म्हणून प्रश्न छोटा होत नाही. बैलाचा दिवस त्या काही सेकंदांचा नसतो. टेम्पोतला प्रवास, ऊन, डीजेचा आवाज, अनोळखी गर्दी हे सगळं त्यात येतं.

प्रतिष्ठेचं ओझं

बिनजोड लढतीत हरणारा नेमका एकच असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत पाचव्या नंबरवर आलं तरी चालून जातं; इथे नाही. त्यात बैलांच्या किमती लाखांत गेल्या, मोठ्या मैदानांची बक्षिसंही वाढली. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिल्या बक्षिसात जेसीबी होता. बैल हा घराण्याचा, गावाचा, कधी राजकीय गटाचा झेंडा होतो. बंदी असतानाच, मार्च २०२१ मध्ये, डोंबिवलीत कोरोनाचे नियम मोडून बैलाचा वाढदिवस साजरा केल्याबद्दल मालकावर गुन्हा दाखल झाला होता. ती बातमी लोकांनी हसून वाचली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वादातून दोन गटांत भर रस्त्यात गोळीबार झाला, तेव्हा कुणी हसलं नाही.

त्यामुळे निकालावरून आवाज चढू लागला की कुटुंबासह आलेल्यांनी मैदान सोडलेलं बरं. पैज लावणं हा जुगार आहे आणि तो बेकायदा आहे, मग ती 'मित्रा-मित्रांत' का असेना. काही गडबड दिसली तर ११२ हा क्रमांक आहे.

उभं कुठे राहायचं?

सुटण्याच्या जागी मजा जास्त वाटते, पण तिथे बुजलेले बैल मागे सरतात, आडवे होतात. निकालाच्या रेषेपलीकडे उभं राहणं सर्वांत धोक्याचं. रेषा ओलांडल्यावर बैल लगेच थांबत नाहीत, आणि झेंडा पडला की लोक नेमके धावपट्टीतच धावतात. गाडी गर्दीत घुसून माणसं दगावल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत. अडथळ्यामागे, धावेच्या साधारण मध्यावर, थोडी उंच बांधावरची जागा मिळाली तर उत्तम. लहान मुलाला खांद्यावर घ्यायचं असेल तर दोन रांगा मागे.

लाल कपडे घालू नयेत, असं हमखास सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. बैलाला लाल रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही. तो बुजतो ते अचानक उघडलेल्या छत्रीने, फटाक्याने आणि डोक्यावर घोंगावणाऱ्या ड्रोनने. छत्रीऐवजी टोपी न्यावी, पाण्याची बाटली घरूनच भरून घ्यावी, आणि बांधलेल्या बैलासोबत सेल्फी काढायचा असेल तर आधी मालकाला विचारावं. तो बहुधा नाही म्हणत नाही. उलट बैलाने कुठलं मैदान कधी मारलं, तेही सगळं ऐकवतो.