अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी नव्हे

परवा बाजारात एका आजींनी थांबवलं. "पत्रकार ना तुम्ही? नातू अडीच वर्षांचा झाला, अजून आईसुद्धा म्हणत नाही. घरचे म्हणतात, बापही उशिराच बोलला होता. कुठं दाखवू?" मी म्हटलं, आधी अंगणवाडीत विचारा. त्या हसल्या. "तिथं खिचडी मिळते हो!"

आपण इतिहास विसरलो, त्याचा हा परिणाम.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. म्हणून 'अंगणवाडी'. मूल येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं, एवढाच त्यातला विचार. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. सेवा सहा होत्या. पूरक आहार त्यातला एक. आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, हेही त्यातच. आपल्या लक्षात राहिला तो आहार!

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही पालघरमधून. बोर्डी, कोसबाड आज त्याच जिल्ह्यात आहेत. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातला उशीर, या चार गोष्टी पथकाने तपासायच्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं. पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. सगळं मोफत.

आता खरं बोलू. पथक येतं त्या दिवशी मूल आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं. जिल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. अंगणातून सुरू झालेलं काम पुन्हा लांब गेलंय. यावर ग्रामसभेत कुणी बोलतं का?

आजींना मी सांगितलं, आधी कान तपासून घ्या. ऐकू आलं नाही तर मूल बोलणार कसं? पथकाची तारीख ताईंना विचारा, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. त्यात कुठल्या वयात मुलाला काय यायला हवं, ते चित्रांसकट दिलंय. तारीख लांब असेल तर थांबू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.

काही निघालं नाही तर चांगलंच. निघालं तर वेळेत कळलं.

तुमच्या गावात पथक शेवटचं कधी आलं होतं? सांगा.