काडीमोडीपासून कौटुंबिक न्यायालयापर्यंत

‘घटस्फोट’ हा शब्द विवाहविच्छेद या अर्थानें आपल्या तोंडीं आज चांगलाच रुळला आहे. परंतु त्याचा मूळचा अर्थ अगदीं निराळा होता. एकादा मनुष्य पतित ठरला आणि प्रायश्चित्त घेण्यास तयार झाला नाहीं, म्हणजे त्याच्या नांवानें पाण्याचा घट लवंडून आप्तेष्टांनीं त्याच्याशीं संबंध तोडावयाचा, असा तो विधि असे. जिवंत माणसास मेलेला मानण्याचाच तो प्रकार. नवराबायकोच्या विभक्त होण्यास पुढें हाच शब्द चिकटला, यावरून वरिष्ठ म्हणविणारे वर्ग त्या गोष्टीकडे कोणत्या दृष्टीनें पाहात होते, हें सहज कळून येतें.

त्याच समाजांतील पुष्कळ जातींत मात्र यासाठीं एक साधा शब्द होता, तो म्हणजे काडीमोड. जातीच्या पंचांसमोर गवताची काडी मोडावयाची, देणें-घेणें फेडावयाचें, सोडचिठ्ठी किंवा फारखत लिहून द्यावयाची, कीं तो संबंध संपला. पुढें त्या स्त्रीस पाट लावण्याची मोकळीक असे. म्हणजे विवाह मोडण्याची कल्पना आपल्याकडे विलायतेहून आली, हा समज खरा नाहीं. आपल्याकडे ती होती. मध्यंतरीं कांहींशी आक्रसली. आणि मग कायद्याच्या रूपानें सर्वांस मिळाली. पण हक्क असणें निराळें आणि तो पदरांत पडणें निराळें. या दोहोंमधील अंतर जाणत्या सल्लागारावांचून तुटत नाहीं, हें या इतिहासांत वारंवार दिसून येतें. आणि आजच्या भाषणांत मला विशेषेंकरून तेंच सांगावयाचें आहे.

प्राचीन ग्रंथांकडे पाहिलें तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘मोक्ष’ या नांवानें विवाहविच्छेदाचा विचार केलेला आढळतो. नवऱ्याची इच्छा नसतां केवळ बायकोच्या द्वेषामुळें, किंवा बायकोची इच्छा नसतां केवळ नवऱ्याच्या द्वेषामुळें मोक्ष मिळूं नये. दोघांचाही परस्परांविषयीं द्वेष असेल तर मात्र मिळावा, असा त्याचा नियम आहे. परंतु ब्राह्मादि जे चार धर्म्य विवाह, त्यांना ही सवलत त्यानें ठेविलेली नाहीं. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. म्हणजे रूढीविषयींचे पुष्कळसे वाद होऊन गेल्यावर तो विद्वानांच्या हातीं आला.

इंग्रजी न्यायालयें स्थापन झाल्यावर जातीच्या या रूढींवर निराळेंच संकट आलें. नवऱ्याच्या संमतीवांचून स्त्रीस त्याला सोडून दुसरें लग्न करूं देणारी रूढि नीतिविरुद्ध, म्हणून ग्राह्य नाहीं, असें मुंबईच्या हायकोर्टानें १८६४ सालीं ठरविलें. आणि विवाह रद्द करून स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा अधिकार जातीस नाहीं, असें १८७६ सालीं सांगितलें. ज्या बायकांना काडीमोडीनें सुटका मिळत होती, त्यांपैकीं कित्येकींची वाट अशा रीतीनें अरुंद झाली. आणि ज्या वर्गांत ती वाट मुळींच नव्हती, तेथें ती कोणी उघडली नाहीं.

या कोंडीचा सर्वांत गाजलेला दाखला म्हणजे रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षीं लग्न झालेली ही मुलगी आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं वाढली, शिकली, आणि दादाजी भिकाजी या नवऱ्याच्या घरीं नांदावयास गेलीच नाहीं. १८८४ सालीं दादाजींनीं वैवाहिक हक्कांसाठीं फिर्याद लावली. जें सहजीवन कधीं सुरूच झालें नाहीं, तें पुन्हां सुरू करा असें न्यायालय कसें सांगणार, असें म्हणून न्यायमूर्ति पिन्ही यांनीं १८८५ मध्यें ती काढून टाकली. अपिलांत १८८६ सालीं तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला, कीं एका महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत राहावें. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. टिळकांचीं पत्रें त्यांच्या विरुद्ध लिहीत होतीं. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं आयुष्यभर रुग्णसेवा केली.

या खटल्यांत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं रखमाबाईंच्या बाजूनें काशीनाथ त्र्यंबक तेलंग व इन्व्हेरॅरिटी यांच्यासारखे नामांकित कायदेपंडित उभे होते. तसे पाठीराखे नसलेल्या मुलीचें काय झालें असतें, याची कल्पना करणें कठीण नाहीं. दुसरी अशी, कीं एवढ्या मोठ्या वकिलांनाही तो विवाह मोडून देतां आला नाहीं, कारण तसा कायदाच नव्हता. दादाजींच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनीं वैधव्याचीं पांढरीं वस्त्रें धारण केलीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. पैसे देऊन हुकूम टळला. गांठ मात्र सुटली नव्हती.

त्या काळीं पारशी समाजास १८६५ पासून व ख्रिस्ती समाजास १८६९ पासून घटस्फोटाचा कायदा होता. पोर्तुगालचा १९१० सालचा घटस्फोटाचा कायदा पुढें गोव्यांत लागू झाला. मुसलमान स्त्रियांना न्यायालयाकडून फारकत मागण्याचीं कारणें १९३९ सालच्या कायद्यानें निश्चित झालीं. हिंदूंच्या बाबतींत एक महत्त्वाचें पाऊल टाकलें तें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं. त्यांच्या संस्थानांत १९३१ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यानें १९४६ मध्यें द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्यें हिंदु घटस्फोटाचा कायदा केला. वेड, महारोग, चार वर्षांचा परित्याग अशीं मोजकींच कारणें त्या दुसऱ्या कायद्यांत होतीं.

या १९४७ च्या कायद्याखालीं मुंबईंत उभा राहिलेला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पत्नी मे १९४७ मध्यें माहेरीं गेली होती. चार वर्षें लोटल्यावर तिनें आपला परित्याग केला म्हणून पतीनें घटस्फोट मागितला, व पहिल्या न्यायाधीशांनीं तो दिलाही. पण मधल्या काळांत काय घडलें होतें? पत्नी गेल्यावर थोड्याच आठवड्यांत पतीनें सॉलिसिटरमार्फत तिच्यावर आरोप करणारी व तिला यापुढें सांभाळण्याची आपली इच्छा नाहीं असें कळविणारी नोटीस धाडली. पुढें ती परत येऊं पाहात असतां ‘तिला पाठवूं नये’ अशा अर्थाची तार त्यानेंच सासऱ्यांस केली. अपिलांत निकाल उलटला, आणि १९५६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तें अपिलाचें मतच कायम केलें. परित्याग म्हणजे नुसतें घर सोडणें नव्हे. कायमचें सोडण्याचा निश्चयही सिद्ध व्हावा लागतो. आणि ज्यानें परतीची वाट स्वतःच बंद केली, त्यानें जोडीदारावर परित्यागाचा ठपका ठेवूं नये. रागाच्या भरांत लिहिलेला कागद पुढें लिहिणाऱ्यासच कसा बाधतो, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्यानें घटस्फोटाचा हक्क देशभरच्या हिंदूंना मिळाला. तरी क्रौर्य आणि परित्याग हीं कारणें त्या वेळीं केवळ विभक्त राहण्यापुरतींच होतीं; तीं घटस्फोटाचीं कारणें झालीं १९७६ सालच्या दुरुस्तीनें. त्याच दुरुस्तीनें परस्परसंमतीचा घटस्फोटही आला, आणि कौटिल्याची ती जुनी कल्पना, त्याच्या वेळचे अपवाद गळून, कायद्यांत शिरली.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. लग्नास एक वर्ष होण्यापूर्वीं, असाधारण हालअपेष्टेचें कारण दाखविल्याखेरीज, अर्ज करतां येत नाहीं. लग्न जेथें लागलें, दोघे शेवटीं जेथें एकत्र राहिले, किंवा ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जेथें राहतो, तेथील न्यायालयांत तो करावयाचा; अर्जदार पत्नी असेल तर २००३ पासून ती स्वतः राहते त्या ठिकाणींही तो करतां येतो. संमतीच्या अर्जास एक वर्ष विभक्त राहणें आवश्यक असून, पहिल्या व दुसऱ्या अर्जामध्यें निदान सहा महिने जावे लागतात. समेट होण्याची आशाच उरली नसेल, तर हे सहा महिने न्यायालयास माफ करतां येतात, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं सांगितलें आहे. दावा चालूं असतां ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाहीं, मग ती पत्नी असो वा पति, त्याला निर्वाहाचा व दाव्याचा खर्च मागतां येतो. निकाल झाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हां लग्न करतां येत नाहीं.

काडीमोडीची रूढि १९५५ च्या कायद्यानें राखून ठेविली आहे. मात्र ती आपल्या जातींत पूर्वापार चालत आलेली आहे, हें सांगणाऱ्यानें सिद्ध करावें लागतें. म्हणून मुद्रांकाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, कीं सुटलों, असें समजून दुसरें लग्न करणें अत्यंत धोक्याचें आहे.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ सालीं झाला आणि १९८९ मध्यें पुणें व मुंबई येथें तीं न्यायालयें सुरू झालीं. तेथें प्रथम समुपदेशकाच्या मदतीनें समेटाचा प्रयत्न होतो. तेथें वकील देणें हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाहीं. न्यायालयाची परवानगी लागते. सामान्य माणसास वकिलाच्या भाषेचें भय वाटूं नये, हा त्यामागील हेतु. तथापि पोटगी, मुलांचा ताबा, घरावरील हक्क हे प्रश्न इतके गुंतागुंतीचे असतात, कीं निदान अर्ज लिहिण्यापूर्वीं तरी जाणकाराचा सल्ला घ्यावाच.

तो जाणकार कसा निवडावा? वकिलास स्वतःची जाहिरात करण्याची मनाई आहे. तेव्हां नुसत्या फलकावर भुलूं नये. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आहे कीं नाहीं, आणि कौटुंबिक दावे त्यानें प्रत्यक्ष चालविले आहेत कीं नाहींत, याची चौकशी करावी. फी किती व कशाची, हें आधीं लेखी ठरवावें. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळालेल्या रकमेंत वांटा घेणें वकिलांच्या नियमांना मंजूर नाहीं; तसें कोणी सुचविल्यास तेथून उठावें. कोऱ्या कागदावर सही करूं नये. जो पहिल्याच भेटींत जयाची हमी देतो, किंवा खोटे आरोप घालण्यास सुचवितो, तो आपलें भलें करणार नाहीं. उलट जो आपली गैरसोयीची हकीकतही विचारून घेतो, कागद वाचतो, आणि समेटाची वाट शिल्लक आहे काय हें आधीं पाहातो, त्याच्या हातीं वकीलपत्र द्यावें. आपणही त्याच्यापासून कांहीं लपवूं नये.

पैसा नाहीं म्हणून कोणी खचून जाऊं नये. १९८७ सालच्या विधिसेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांना, त्यांचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे, आणि त्यासाठीं जिल्ह्याच्या न्यायालयांत विधिसेवा प्राधिकरणाची कचेरी असते. रखमाबाईंच्या पाठीशीं तेलंगांसारखा मनुष्य उभा राहिला, हें त्यांचें भाग्य होतें. आज ती गोष्ट केवळ भाग्यावर सोंपविलेली नाहीं. आपल्या ओळखीच्या घरांत एकादी बाई या विवंचनेंत असेल, तर तिला लोक काय म्हणतील हें सांगण्याऐवजीं या कचेरीचा पत्ता सांगावा.