विंगेतली कुजबुज

नाटकाला बसलेल्या माणसाला तिसरी घंटा ऐकू येते. ती त्याच्यासाठीच असते. पण त्याच वेळी पडद्यामागे आणखी पाच-सहा निरोप फिरत असतात. ते प्रेक्षकाला ऐकू येऊ नयेत आणि ज्याचे त्याला मात्र नेमके पोचावेत, यासाठी रंगभूमीनं आजवर बरीच खटपट केलेली आहे. आज मी बोलणार आहे ते या निरोपांबद्दल.

निमित्त साधं आहे. आमच्या भागातल्या एका शाळेला माजी विद्यार्थ्यांकडून थोडी रक्कम मिळाली. स्नेहसंमेलनात पडद्यामागच्या मंडळींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून त्यातून हेडसेट घ्यायचं ठरलं. कोणते घ्यावेत याच्या चर्चेला मलाही बोलावलं. कवीला माइकमधलं काहीतरी कळत असणार, असा लोकांचा समज असतो. मुशायऱ्यात माइकसमोर उभं राहणं वेगळं आणि माइक समजणं वेगळं. पण त्या निमित्तानं मी वाचत गेलो, साउंडवाल्यांशी बोलत गेलो, आणि एक मजेदार इतिहास हाती लागला.

सगळ्यात जुनं साधन म्हणजे शिट्टी. लहानपणी जत्रेत मी जी नाटकं पाहिली, त्यांत पडदा शिट्टीवरच पडायचा आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. इंग्लंडात मात्र रंगमंचावर शिट्टी वाजवणं अशुभ मानतात. त्याचं कारण तिकडचे नाटकवाले असं सांगतात, की वरचे दोर ओढायला पूर्वी जहाजावरचे खलाशी असत आणि त्यांचं काम शिट्टीच्या खुणांवर चाले. कोणी सहज म्हणून शीळ घातली, तर वरून पडद्याचं लाकूड डोक्यात यायचं! शिट्टीची अडचण यातच आली. ती सगळ्यांना ऐकू जाते, पण कोणासाठी आहे ते सांगत नाही.

मग घंटा आल्या, भिंतीतून नेलेल्या बोलायच्या नळ्या आल्या, विजेचा काळ आल्यावर खुणेचे दिवे आले. लाल दिवा लागला की तयार राहा, हिरवा लागला की काम करा. हे दिवे मोठ्या नाट्यगृहांत आजही वापरतात, कारण ते आवाज करत नाहीत आणि गोंधळत नाहीत. पण दिव्याला उलट उत्तर देता येत नाही. 'थांबा, खुर्ची अजून आत आलेली नाही', हे हिरव्या दिव्याला कोण सांगणार?

इथे टेलिफोन उपयोगी पडला. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. पुढच्या पाच वर्षांत, म्हणजे १८८१ साली, क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्यानं पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात ऑपेराचं गाणं तारेवरून लोकांच्या कानापर्यंत पोचवून दाखवलं. आणि लंडनचा नाटककार डब्ल्यू. एस. गिल्बर्ट तर आणखी पुढे गेला. सॅव्हॉय नाट्यगृहात त्याच्या संगीतिका चालत. १८८२ साली त्यानं स्वतःच्या घरी एक टेलिफोन बसवला आणि दुसरा थेट प्रॉम्प्टरच्या टेबलाशी. घरी बसून तालमीवर आणि प्रयोगावर कान ठेवायचा! आपल्याकडे तेव्हा किर्लोस्करांचं 'शाकुंतल' येऊन दोन वर्षं झाली होती. घरबसल्या तालमीला हजर राहायची ही सोय आपल्या काही दिग्दर्शकांना कळली असती, तर नटांचं काही खरं नव्हतं.

हे झालं हौसेचं. पण पडद्यामागे निरोप पोचण्याला हौसेपलीकडचं मोल आहे. ३० डिसेंबर १९०३ या दिवशी शिकागोच्या इरॉक्वा थिएटरमध्ये नाताळच्या सुटीतला दुपारचा खेळ होता. नाटक 'मिस्टर ब्लूबिअर्ड'. सुटीमुळे बायका आणि मुलं यांचीच गर्दी. नाट्यगृह अगदी नवं, सुरू होऊन सव्वा महिनाच झालेला. एका आर्क दिव्याची ठिणगी झालरीला लागली आणि आग वर चढली. आगीपासून बचावासाठी असलेला पडदा खाली सोडला, तर तो मध्येच अडकला. त्या इमारतीत आगीची सूचना देणारी पेटी नव्हती, टेलिफोन नव्हता, पाण्याची सोय नव्हती. रंगमंचावरचा विनोदी नट एडी फॉय पुढे येऊन लोकांना शांत राहायला सांगत राहिला. त्या दुपारी सहाशेहून अधिक माणसं गेली.

केवळ टेलिफोन असता तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. कितीतरी दारं बंद होती, ते खरं कारण. आपल्याकडेही २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली गावी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडप पेटला आणि चारशेहून अधिक जण गेले, त्यांत मुलं किती तरी. तिथेही बाहेर पडायची वाट अपुरी होती. म्हणून शाळेच्या त्या बैठकीत मी पहिल्यांदा सभागृहाच्या दारांचीच चौकशी केली. मागचं दार कुलूपबंद असतं, किल्ली शिपाईमामांकडे असते आणि शिपाईमामा चहा वाटत असतात. ती किल्ली कार्यक्रम संपेपर्यंत दाराशीच राहील हे आधी ठरलं, मग आम्ही हेडसेटकडे वळलो. विंगेतल्या मुलाला पडद्याशी धूर दिसला, तर त्याच क्षणी दिवेवाल्याला, साउंडवाल्याला आणि दाराशी उभ्या असलेल्या शिक्षकांना एकदम कळलं पाहिजे. एकदम, हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

कानावर चढवायच्या यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत युटा राज्यात नेथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थानं १९१०च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन जुळवले आणि अमेरिकन नौदलाला पाठवले. नौदलानं ते पसंत केले. दोन्ही हात मोकळे ठेवून ऐकण्याची सोय अशी जहाजावर गेली. खलाशांची शिट्टी नाटकात आली असं म्हणतात, त्यांचे हेडफोनही पुढे आलेच.

पण आज आपण पाहतो तो पडद्यामागचा हेडसेट शेक्सपिअरच्या रंगभूमीनं घडवला नाही, तो रॉक संगीताच्या गोंगाटानं घडवला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या मैफलींत आवाज इतका चढला होता, की जुन्या टेलिफोनछाप हेडसेटमधून दिवेवाल्याला काही ऐकू येईना. तिथल्या ॲव्हलॉन बॉलरूममध्ये ध्वनिव्यवस्था सांभाळणारे बॉब कोहेन आणि तंत्रज्ञ चार्ली बटन यांनी १९६८ साली यावर तोड काढली आणि 'क्लिअर-कॉम' ही कंपनी उभी राहिली.

त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. एकाच मोठ्या यंत्रानं सगळ्यांच्या कानांत आवाज ढकलायचा म्हटलं, तर माणसं वाढतील तसा प्रत्येकाच्या वाट्याचा आवाज कमी होतो. यांनी प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला एक छोटी डबी दिली आणि आवाज मोठा करण्याचं काम त्या डबीवर सोपवलं. मधल्या तारेतून फक्त बोलणं आणि डबीपुरती वीज वाहते. ओढ्यातून प्रत्येकानं ओंजळभर घेतलं तर ओढा आटत नाही, तसं आहे हे. चार जण असोत की दहा, आवाज तेवढाच राहतो. आणि सगळे एकाच तारेवर असल्यामुळे एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. जुन्या काळी एका टेलिफोन तारेवर अनेक घरं असत, तिला 'पार्टी लाइन' म्हणत. तेच नाव याला पडलं. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, पण हा मूळ आराखडा बदललेला नाही. लागते ती तारही माइकला वापरतो तीच, तीन पिनांची, शाळेत किंवा मंडपवाल्याकडे असतेच. एवढंच सांभाळायचं, की या तारेतून सुमारे ३० व्होल्टची वीज जात असते. ती चुकून मिक्सरला लावू नये. टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळली की काम झालं.

आता शाळेनं काय घ्यावं? बैठकीत बहुतेकांचा ओढा बिनतारी संचाकडे होता. ते साहजिक आहे, तार म्हटली की पायात येणार. विक्रेताही किती मीटरपर्यंत चालतं तेच पुन्हा पुन्हा सांगत होता. पण शाळेचं सभागृह ते केवढं! विंगेपासून मागच्या दिव्यांच्या टेबलापर्यंत एक मूल अर्ध्या मिनिटात धावत जातं. आपल्याला अंतर कापायचं नाही, आवाज न करता सहा जणांना एकत्र ठेवायचं आहे.

वॉकीटॉकी स्वस्त पडते, पण एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला बोलता येत नाही. बटण दाबून धरावं लागतं, म्हणजे एक हात गेला. शिवाय मुलं कानात यंत्रणा न घालता ती तोंडासमोर धरतात आणि तिची खरखर तिसऱ्या रांगेपर्यंत जाते. परवान्याची भानगडही पाहावी लागते. भारतात बिनपरवाना वापरता येतील असे पट्टे ठरवून दिलेले आहेत, त्याबाहेरचं यंत्र घेऊ नये. मोबाइलवर सामूहिक कॉल लावून काम भागवायचं, असंही एका शिक्षकांनी सुचवलं. मी एका संमेलनात तेही पाहिलेलं आहे. शिवाजीमहाराजांच्या प्रवेशात दिवे सांभाळणाऱ्या सरांना नेमका घरून फोन आला, आणि अफझलखान पडल्यावरही तंबूत उजेड तेवढाच!

चांगले बिनतारी हेडसेट आहेत, नाही असं नाही. ते तारवाल्यांच्या कितीतरी पट महाग असतात. आणि त्यांतले जे आपल्याला परवडतात, त्यांतले बरेच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, जिथे वाय-फाय आणि ब्लूटूथही चालतं. रिकाम्या सभागृहात तालमीला सगळं झकास. प्रयोगाच्या दिवशी चारशे पालक चारशे मोबाइल घेऊन बसले, की अडखळायला सुरुवात. बिनतारीची जागा आपली नसते हेही ध्यानात ठेवावं. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१७ साली मोबाइल कंपन्यांना लिलावात गेला आणि तिथे चालणारे बिनतारी माइक व हेडसेट १३ जुलै २०२० नंतर वापरणं बेकायदा ठरलं. यंत्र धडधाकट असूनही ते अडगळीत टाकायची वेळ आली. तारेला असा लिलाव होत नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. तारेचा एकपदरी संच घ्या, एक मुख्य केंद्र आणि पाच किंवा सहा डब्या. दोन स्वतंत्र वाहिन्या असलेला संच व्यावसायिक नाटकाला लागतो, शाळेला नाही. डबीवर हाक मारण्याचा दिवा असलाच पाहिजे, कारण मुलं हेडसेट काढून ठेवतात आणि मग बोंब मारून उपयोग नसतो. दिवा लुकलुकला की कळतं. हेडसेट एका कानाचे घ्यावेत. एका कानात सूचना, दुसऱ्या मोकळ्या कानात रंगमंच. ढोल-ताशाशेजारी बसणाऱ्याला तेवढा दोन्ही कानांचा द्यावा. कानाच्या स्पंजची आवरणं जास्तीची घ्यावीत आणि मुलामागे बदलावीत. उवांचा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, शाळेत मात्र तो असतो.

यावर एक बाई म्हणाल्या, "अहो, पण हे वापरणार कोण? मुलं मोडून टाकतील." मला वाटतं खरा प्रश्न हाच होता आणि तो यंत्राच्या निवडीइतकाच मोठा आहे. आपल्या गॅदरिंगमध्ये विंगेत शिक्षकांची धावपळ चाललेली असते, 'चल चल, आत जा', 'अरे पडदा!', आणि हे सगळं पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ऐकू येतं. परदेशातल्या अनेक शाळांत प्रयोग चालवणारा मुख्य माणूस विद्यार्थीच असतो. हातात वही, वहीत क्रमांक घातलेल्या सूचना. तो आधी 'बारा नंबर, तयार' म्हणतो. समोरून 'तयार' असं उत्तर येतं. मग वेळ आली की एकच शब्द, 'गो'. हा शब्द दुसऱ्या कोणत्याही वाक्यात उच्चारायचा नाही, असा दंडकच आहे, नाहीतर पडदा भलत्याच वेळी पडतो. बाकी वेळ माइकचं बटण बंद.

ज्या मुलाला नाचता येत नाही, ज्या मुलीचा आवाज समूहगीतात घेण्यासारखा नाही, जे मूल बोलताना अडखळतं, त्यांना आपण संमेलनात खुर्च्या मांडायला लावतो. त्यांतल्या सहा जणांच्या कानावर हे हेडसेट यावेत, असं मी आग्रहानं म्हटलं. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की मुख्य केंद्राशी नववीतली एक मुलगी बसेल आणि शेजारी एक शिक्षक हेडसेट घालून फक्त ऐकतील. आग, इजा, वीज, एवढ्याच गोष्टींसाठी ते बोलतील.

विकत घेण्याआधी तारेचा संच एका संमेलनापुरता भाड्यानं आणावा, हेही मान्य झालं. तालीम मात्र भरल्या सभागृहात, पाचवी ते सातवीचे सगळे वर्ग समोर बसवून, पंखे चालू ठेवून घ्यायची. आणि तारा दाराच्या उंबऱ्यावरून न नेता चौकटीच्या वरून न्यायच्या, म्हणजे घाईत बाहेर पडणाऱ्या कोणाच्या पायात त्या येणार नाहीत.