रेडिओच्या तबकडीपट्टीची प्रतिकृती

जुन्या रेडिओवरील तरंगलांबी, वारंवारता आणि प्रक्षेपण केंद्रांची नावे दाखवणारी पट्टी फुटल्यास वा पुसली गेल्यास तिच्या जागी बसवलेली हुबेहूब नक्कल. १९३० नंतरच्या अनेक यूरोपीय संचांत ही पट्टी काचेची असून अक्षरे मागील बाजूने उलटी छापलेली असत. म्हणूनच धूळ पुसताना ओले फडके फिरले, की ‘हिल्व्हरसम’, ‘लक्झेंबर्ग’ ही केंद्रांची नावे काच सोडून फडक्यावर येतात. सेल्युलॉइडच्या पट्ट्या पिवळ्या पडतात आणि आकसतात. ही पट्टी केवळ शोभेची नाही, ती मापनाचे साधन आहे. तिच्यावरील खुणांची अंतरे केंद्र जुळवणाऱ्या बदलत्या धारित्राच्या (कपॅसिटरच्या) पात्यांच्या आकारावर ठरतात. त्यामुळे नक्कल एक-दोन मिलिमीटरने चुकली, तरी काटा भलत्याच केंद्रावर थांबतो.

नक्कल म्हणजे इतिहासाची भेसळ, असा आक्षेप घेतला जातो. अस्सल पट्टी शाबूत असेल, तर तो रास्तच आहे. परंतु कोरी काच काहीच सांगत नाही. यूरोपात १९३४ मध्ये ल्युसर्न आणि १९५० मध्ये कोपनहेगन येथील तरंगलांबी-वाटपाच्या योजनेनुसार अनेक केंद्रांच्या तरंगलांब्या बदलल्या, त्यामुळे केंद्रांच्या जागांवरून संचाचा काळ ताडता येतो. बंद पडलेली केंद्रे गाळून पट्टी ‘अद्ययावत’ केल्यास हाच पुरावा नाहीसा होतो. म्हणून नक्कल मूळ छपाईबरहुकूम करावी, मागे ‘प्रतिकृती’ अशी नोंद करावी आणि मूळ तुकडे जपून ठेवावेत. एवढे केल्यास आक्षेपाला जागा उरत नाही.