सत्कार, पेढे आणि एक पुस्तक

दहावीचा निकाल लागला की आमच्या चौकात फ्लेक्स लागतात. "शाळेचा निकाल १०० टक्के", खाली वीस-पंचवीस मुलामुलींचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली टक्केवारी. नव्वदच्या खाली असलेल्यांना सहसा फ्लेक्सवर जागा मिळत नाही. मग एखाद्या रविवारी मंगल कार्यालयात गुणगौरव समारंभ. गुलाबाचे फूल, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचे लांबलेले भाषण, आणि शेवटी वेफर्स-पेढ्याची बशी.

पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, तेव्हा असे समारंभ किती पाहिले याची मोजदाद नाही. निवृत्त झाल्यावरही बोलावणे येते. यंदा संयोजक म्हणाले, "सर, दोन शब्द बोला." मनात आले, या सत्कारांचाच इतिहास सांगावा. जुनी टिपणे काढली, दोन-चार पुस्तके पुन्हा चाळली. प्रत्यक्षात पाच मिनिटांत बोलणे आटपावे लागले (जेवणे खोळंबली होती!). उरलेले इथे लिहितो आहे.

सुरुवात मॅट्रिकपासून करू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. विद्यापीठात शिरायचे तर ही परीक्षा पास व्हावी लागे. पहिल्या वेळी बसलेल्यांपैकी बहुतेक नापासच झाले. पास झालेले दोन डझनही नव्हते. पण त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या काळी मॅट्रिकमध्ये गुण किती, हा प्रश्न नंतरचा. पास झाला हीच बातमी. पुढे कित्येक वर्षे माणसाच्या नावाला "मॅट्रिक पास" असे पदवीसारखे जोडले जायचे. आमच्या लहानपणी तर "नॉन-मॅट्रिक" हेसुद्धा लोक थोड्याफार अभिमानाने सांगत. परीक्षेपर्यंत पोहोचलो होतो, असा त्याचा अर्थ.

अशा परीक्षेत वरचा नंबर मिळवणाऱ्यांसाठी मग शिष्यवृत्त्या आल्या. त्यांत सर्वांत मानाची जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती. नाना शंकरशेट १८६५ साली वारले, त्यांच्या नावाने ती सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतमध्ये सर्वांत वर येणाऱ्याला ती मिळे. आजच्या पिढीला याचे महत्त्व कळायचे नाही. "शंकरशेट स्कॉलर" म्हटले की घराण्याचे नाव झाले! शाळांनाही ती हवी असे. १ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर-टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. शब्दकोशकार वामन शिवराम आपटे त्या शाळेत होते. खाजगी शाळा सरकारी शाळेच्या तोडीची असते हे लोकांना पटवायचे तर मॅट्रिकचा निकाल आणि शंकरशेट शिष्यवृत्ती हाच पुरावा होता. म्हणजे निकालाची जाहिरात हा आजचा शोध नव्हे. फक्त तेव्हा फ्लेक्स नव्हते इतकेच.

या परंपरेतले सर्वांत ठळक नाव म्हणजे चिंतामणराव देशमुख. कोकणातल्या रोह्याकडचे हे कुटुंब. १९१२ साली ते मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिज, १९१८ साली आय.सी.एस.मध्ये पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० साली देशाचे अर्थमंत्री. पहिला नंबर कसा असावा याचा हा नमुनाच. ते नाव मी विसरू नका असे सांगेन.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून निघून बोर्डाकडे आली. आपण ज्याला एस.एस.सी. म्हणतो ती परीक्षा १९४९ पासूनची. आजचे राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाले. मी स्वतः जुन्या अकरावीचा. १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी परीक्षेला बसल्या आणि पुढे अकरावी मॅट्रिक इतिहासजमा झाली.

या बोर्डाने मराठी भाषेला एक वाक्प्रचार दिला. "बोर्डात आला!" शब्दशः पाहिले तर त्याला काही अर्थ नाही. बोर्डात कोण येणार आणि कशाला? पण घराघरात त्याचा अर्थ कळत होता. मुलाचे नाव गुणवत्ता यादीत लागले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो असायचा, आई मुलाला पेढा भरवते आहे, शेजारी वडील आणि मुख्याध्यापक. मुलाखतीत ठरलेले प्रश्न आणि ठरलेली उत्तरे: रोज किती तास अभ्यास, यशाचे श्रेय कोणाला, पुढे काय होणार. डॉक्टर किंवा इंजिनिअर. शिक्षक होणार असे म्हणणारा मी तरी वाचला नाही :)

मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फळा असे. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत साल, नाव, गुण. पेंटर दरवर्षी जूनमध्ये येऊन एक ओळ वाढवून जायचा. आमच्या शाळेतून कोणी बोर्डात आले नाही, तेव्हा आमच्या फळ्यावर शाळेत पहिला आलेल्याचे नाव लिहीत. मराठवाड्यातल्या मुलांनी पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली तेव्हा "लातूर पॅटर्न" हा शब्द आला. सराव परीक्षांवर सराव परीक्षा. त्यावर टीका पुष्कळ झाली, पण आडगावची मुले यादीत दिसू लागली हेही खरे.

मग २००० नंतरच्या दशकात बोर्डाने ही यादी जाहीर करणेच बंद केले. एका गुणासाठी जिवाचा आटापिटा, क्लासवाल्यांच्या जाहिराती, मुलांवरचा ताण, ही कारणे सर्वांना माहीत होती. २०१० च्या निकालापासून "बेस्ट ऑफ फाइव्ह" आले. सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे. त्यात खेळाचे, चित्रकलेचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे वाढीव गुण. परिणाम असा की २०२४ साली राज्यात १८७ मुलांना पैकीच्या पैकी, म्हणजे १०० टक्के मिळाले, आणि त्यांतली १२३ एकट्या लातूर विभागातली! यादी गेली, पण मोजणे गेले नाही. पूर्वी एक पहिला होता, आता १८७.

असो. हे सगळे सांगितले ते मुख्य गोष्टीवर येण्यासाठी. आपल्या महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचे असंख्य सत्कार झाले. त्यांतला सर्वांत फळलेला सत्कार कोणता? माझे उत्तर ठरलेले आहे. तो ज्या मुलाचा झाला, त्याला चरित्रांतल्या नोंदीप्रमाणे मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३७.६ टक्के. आजच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आला नसता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकापुढे "भिवा रामजी आंबेडकर". २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हे मला फार आवडले. निकालाचा नव्हे, नाव दाखल झाल्याचा दिवस!

पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवलेले, शिस्तीचे. मुलाला अभ्यासाला पहाटे दोनला उठवायचे आणि त्याने जागा करून दिली की मग स्वतः आडवे व्हायचे. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल. फळ्यावर गणित सोडवायला शिक्षकांनी बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग धनंजय कीरांनी दिला आहे. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून घेऊ दिले नाही. पर्शियन घ्यावे लागले. म्हणजे ज्या विषयात शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची, त्या विषयाचे दारच बंद. गुणांची तुलना करताना हे लक्षात ठेवायला हवे. मी वर्गात नेहमी सांगत असे की, शर्यतीचा निकाल वाचण्याआधी कोण कुठून सुटला ते बघा.

१९०७ साली हा मुलगा मॅट्रिक झाला. समाजाने सभा भरवली. सी. के. बोले (सीताराम केशव बोले) अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला भेट दिले, असे कीरांनी लिहिले आहे. पण खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात थोडा वेगळा वृत्तांत आहे. तिथे ही सभा इंग्रजी चौथी पास झाल्यावरची आहे आणि अध्यक्ष केळूसकरच आहेत. इतिहासात असे होते. पन्नास वर्षांनी आठवताना इयत्ता मागेपुढे होते, किंवा सभा एकाहून अधिक झालेल्या असतात. पण दोन्ही वृत्तांतांत केळूसकर आहेत आणि ते पुस्तक आहे. त्याबद्दल वाद नाही.

बाबासाहेबांच्या त्या वृत्तांतातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोक परवानगी मागायला गेले तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. पोरगा नुसती परीक्षाच तर पास झाला आहे, सत्काराने डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. केळूसकरांनी समजूत घातली तेव्हा कुठे सभा झाली. बाप म्हणून रामजींचे म्हणणे चूक नव्हते. आणि लोकांचेही चूक नव्हते, कारण त्यांच्यातला पहिलाच मुलगा इथवर पोहोचला होता. इतर समाजांच्या मानाने यात सत्कार करण्यासारखे काही नव्हते, हे बाबासाहेबांनी स्वतःच नोंदवले आहे.

केळूसकर गुरुजी हे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. हा मुलगा त्यांच्या शाळेचाही नव्हता. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसलेला दिसायचा, तेवढ्यावरून त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली. आणि सत्कार करून ते घरी बसले नाहीत. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यातून बी.ए. आणि १९१३ साली अमेरिका. भेट दिलेले ते पुस्तकही वाया गेले नाही. १९५६ साली नागपूरला जे झाले त्याची वाट कुठून सुरू झाली, हे सांगताना बाबासाहेबांनी त्याचा उल्लेख केला.

आता चिंतामणरावांकडे परत जाऊ. १९१२ साली मॅट्रिकला पहिला आलेला एक, आणि पाच वर्षे आधी त्याच परीक्षेत ३७ टक्क्यांनी पास झालेला एक. दोघेही अर्थशास्त्राच्या वाटेला गेले. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली निघाला, देशमुख रिझर्व्ह बँकेत बसले. आणि १९५०-५१ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळात एक अर्थमंत्री, एक कायदामंत्री, एकाच टेबलाभोवती. चिंतामणरावांचे यश यामुळे काडीइतकेही उणे होत नाही. पण मॅट्रिकच्या निकालावरून कोणाला हे भाकीत करता आले असते?

माझ्या नोकरीत एका साली वस्तीवरची एक मुलगी ४३ टक्क्यांनी पास झाली. घराण्यात मॅट्रिक झालेली पहिलीच. पहिल्या तिघांचा सत्कार झाला, नियम तसा होता. दुसऱ्या दिवशी तिचे वडील कागदात गूळ-शेंगदाणे बांधून शिक्षकांच्या खोलीत आले. प्रत्येकाच्या हातावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, आमची पोर पास झाली बघा." तिला पुढे डी.एड.चा फॉर्म कुठे मिळतो हेही त्यांना माहीत नव्हते. तो आम्ही दोघा शिक्षकांनी आणून भरून दिला. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

यंदाच्या समारंभात मी एवढेच सुचवले की, पहिल्या पाचांबरोबर घरात पहिल्यांदाच दहावी झालेल्यांनाही व्यासपीठावर बोलवा. स्मृतिचिन्हाऐवजी पुस्तक द्या. आणि फॉर्म, फी, वसतिगृह यांसाठी जुलैमध्ये कोणाकडे जायचे त्या माणसाचे नाव मुलाच्या हातात द्या. टाळ्या बऱ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "बघू या सर, कमिटीपुढे ठेवते." पुढच्या जूनमध्ये कळेलच.

मंडळी, तुमच्या घरातले पहिले मॅट्रिक कोण होते? आणि तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले? आठवत असेल तर जरूर कळवा. नातेवाइकांनी विशेषतः. आपल्या घराण्याचाही हा इतिहास कोणीतरी लिहून ठेवायला हवा.